हेतू शुद्ध, गुन्हा सिद्ध

कमोडोर डेव्हिड पोर्टरवर 1825 साली वॉशिंग्टनमध्ये चाललेल्या कोर्ट मार्शलची हकीकत बहुधा एकाच सुरात सांगितली जाते. शूर दर्यावर्दी आणि कृतघ्न सरकार, असा तो सूर. परमुलखात आपल्या अधिकाऱ्याचा अपमान झाला, पोर्टरने काही तासांत माफी वसूल केली, रक्ताचा थेंबही सांडला नाही. आणि याबद्दल सरकारने त्याला आरोपी म्हणून उभे केले. दुखावलेल्या पोर्टरने नौदल सोडले, मेक्सिकोची चाकरी पत्करली आणि मायदेशापासून दूर, तुर्कांच्या राजधानीत शेवटचा श्वास घेतला. ऐकणाऱ्याची सहानुभूती कुठे जावी हे या मांडणीने आधीच ठरवलेले असते.

ही मांडणी मला उथळ वाटते. पोर्टरवर दोन आरोप होते. त्यांतल्या पहिल्या, म्हणजे परक्या भूमीवर सशस्त्र उतरल्याच्या आरोपावरचा निकाल योग्य होता, असे माझे ठाम मत आहे. पोर्टरचा हेतू वाईट नव्हता. तो चांगला होता हे न्यायालयाने मान्य केले आणि तरीही दोष सिद्ध धरला. या निकालाचे मोल त्यातच आहे. युद्ध करायचे की नाही हे जिथे लोकांचे प्रतिनिधी ठरवतात, तिथे राष्ट्राच्या मानापमानाचा हिशेब कुणा कप्तानाने आपल्या जहाजावरून चुकता करायचा नसतो. या खटल्यात अन्याय झालाच नाही असे मी म्हणत नाही. तो झाला, पण पोर्टरचे चाहते दाखवतात त्या जागी नाही.

माणूस आणि त्याला लागलेली सवय

पोर्टर 1780 साली बॉस्टनमध्ये जन्मला. 1803 मध्ये त्रिपोलीसमोर 'फिलाडेल्फिया' ही फ्रिगेट खडकावर रुतली आणि शत्रूच्या हाती पडली, तेव्हा तो तिच्यावर होता. 1805 पर्यंत त्याने कैद भोगली. 1812 चे युद्ध पेटल्यावर 'इसेक्स' ही फ्रिगेट त्याच्या हुकमतीखाली होती. त्याने केप हॉर्नला वळसा घालून ती पॅसिफिकमध्ये नेली. अमेरिकेची युद्धनौका त्या वाटेने तिथे प्रथमच पोहोचत होती. ब्रिटिशांची देवमासे मारणारी जहाजे त्याने एकामागून एक धरली. मार्च 1814 मध्ये वाल्पराइसोजवळ 'फीबी' आणि 'चेरब' या दोन ब्रिटिश जहाजांनी इसेक्सला गाठले. निम्म्याहून अधिक माणसे ठार, जखमी किंवा बेपत्ता झाल्यावरच पोर्टरने निशाण उतरवले. हरूनही तो वीर ठरला, आणि त्या मानाला तो पात्र होता.

याच सफरीतला एक अध्याय मात्र त्याचे चरित्र सांगणारे एखाद्या रंजक साहसासारखा उरकून टाकतात. 1813 च्या अखेरीस दुरुस्तीसाठी पोर्टर मार्केसस द्वीपसमूहातल्या नुकु हिवा बेटावर थांबला. तिथल्या टोळ्यांच्या भांडणात त्याने एक बाजू घेतली, ताइपी लोकांच्या खोऱ्यात शिरून त्यांची गावे जाळली, आणि नोव्हेंबरमध्ये बेट अमेरिकेचे असल्याचे जाहीर करून त्याला राष्ट्राध्यक्ष मॅडिसन यांचे नाव देऊन टाकले. यातल्या कशाचाही आदेश त्याला नव्हता. काँग्रेसने त्या विलीनीकरणाला कधी मान्यता दिली नाही, पण त्याला जाबही विचारला नाही. 1815 मध्ये त्याने सफरीचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि त्याच वर्षी नौदलाचा कारभार पाहणाऱ्या नव्या तीन सदस्यांच्या मंडळावर त्याची नेमणूक झाली. दूर समुद्रावर आदेशाशिवाय केलेली लढाई यशस्वी ठरली तर राज्य तिच्याकडे काणाडोळा करते, हा धडा पोर्टरला खुद्द राज्यानेच दिला होता. खटल्याचा विचार करताना माझ्या डोळ्यांपुढे, खटला ज्या गावावरून झाला त्या फाहार्दोच्या आधी, नुकु हिवा उभे राहते.

फाहार्दोत घडले ते

1823 पासून पोर्टर वेस्ट इंडीजमधल्या ताफ्याचा प्रमुख होता. क्यूबा आणि पोर्तो रिको ही बेटे स्पेनच्या ताब्यात होती, स्पेनची दक्षिण अमेरिकेतली सत्ता कोसळत होती, आणि त्या गोंधळात चाचेगिरी माजली होती. उथळ पाण्यात शिरता यावे म्हणून त्याने छोट्या शिडाच्या बोटी, वल्ह्यांच्या होड्या आणि 'सी गल' ही वाफेवर चालणारी नौका जमवली. की वेस्टच्या तळावर पीतज्वराने त्याची माणसे पटापट मेली. तो स्वतःही आजारी पडला. मार्च 1823 मध्ये सान हुआनच्या किल्ल्यावरून झालेल्या तोफेच्या माऱ्यात त्याचा एक लेफ्टनंट ठार झाला. ही सल त्याच्या मनात होती. 1824 च्या उन्हाळ्यात तब्येतीचे कारण देऊन तो मायदेशी परतला, तेव्हा नौदल सचिव सॅम्युएल साउदर्ड नाराज झाले आणि शरद ऋतूत त्यांनी त्याला परत धाडले. म्हणजे पोर्टर पुन्हा कॅरिबियनमध्ये आला तो काहीतरी करून दाखवण्याच्या दडपणाखाली.

ऑक्टोबरच्या शेवटी सेंट थॉमस बेटावरच्या एका अमेरिकी पेढीतून माल चोरीला गेला. तो पोर्तो रिकोच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फाहार्दो गावी गेल्याचा संशय होता. 'बीगल' जहाजाचा लेफ्टनंट चार्ल्स प्लॅट साध्या कपड्यांत तिथे चौकशीला उतरला. गावच्या अधिकाऱ्यांनी त्यालाच चाचा ठरवून अडकवले, कागदपत्रे दाखवल्यावरही अवमानाची वागणूक दिली, आणि मग सोडले. हे कळताच 14 नोव्हेंबरला पोर्टर सुमारे 200 माणसांनिशी किनाऱ्यावर उतरला. वाटेतल्या तोफांना मेखा मारून त्याने त्या निकामी केल्या आणि गावाच्या वेशीवर जाऊन निरोप पाठवला: तासाभरात उत्तर द्या, प्रतिकार केलात तर गाव उद्ध्वस्त होईल. अधिकाऱ्यांनी प्लॅटची माफी मागितली. पोर्टर जहाजावर परतला आणि झाल्या प्रकाराचा अहवाल त्याने स्वतःच, अभिमानाने, वॉशिंग्टनला धाडला. डिसेंबर संपायच्या आत त्याला परत बोलावण्याचा हुकूम निघाला.

पहिली पायरी: आदेशात काय होते

पोर्टरला मिळालेल्या सूचना संदिग्ध नव्हत्या. निर्जन, कुणाचा अंमल नसलेल्या किनाऱ्यावर चाच्यांचा पाठलाग करत उतरायला त्याला मुभा होती. जिथे स्थानिक सत्ता अस्तित्वात आहे आणि तिचा अंमल जाणवतो, तिथे तिचा मान राखायचा आणि तिच्या मदतीनेच काम करायचे, असे त्याला बजावले होते. फाहार्दोत गावचा अधिकारी होता, बंदराचा अधिकारी होता, तोफा होत्या. तिथे सत्ता होती, हे पोर्टरच्या कृतीनेच सिद्ध होते, कारण तो माफी मागायला लावत होता ती त्या सत्तेलाच.

आता त्याच्या बचावाचा गाभा पाहा. आपण चाच्यांच्या साथीदारांवर चालून गेलो, असे तो म्हणत होता. पण त्याने गावात एकही चाचा शोधला नाही, चोरीचा माल मागितला नाही, कुणाला पकडले नाही. माफी मिळाली आणि तो परतला. म्हणजे त्या दिवसाचा उद्देश अपमानाची भरपाई हाच होता. चाचेगिरीशी लढण्याचा अधिकार त्याला होता. अपमानाची भरपाई शस्त्राच्या धाकाने घेण्याचा नव्हता. या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्याशिवाय पोर्टरचा बचाव उभाच राहत नाही, आणि त्याच्या चाहत्यांची कहाणी नेमकी तेच करते.

दुसरी पायरी: मान कुणाचा?

त्या काळच्या नौदलात व्यक्तीचा मान आणि राष्ट्राचा मान यांच्यातली सीमा पुसट झाली होती. अधिकारी क्षुल्लक शब्दांवरून द्वंद्वयुद्ध खेळत. 1820 मध्ये स्टीफन डिकेटरसारखा लाडका वीर असाच जेम्स बॅरनच्या गोळीने मेला. अपमान झाला की तो ज्याचा त्याने, ताबडतोब आणि समोरासमोर धुऊन काढायचा, हा त्या मंडळींचा धर्म होता. पोर्टरने हाच धर्म फाहार्दोच्या वेशीवर नेला. तासाची मुदत, माफी किंवा विनाश, आणि माफी मिळताच मिटले. द्वंद्वाच्या आव्हानाचीच ही रीत आहे.

पण द्वंद्वात उतरणारा आपला जीव पणाला लावतो. फाहार्दोत पोर्टरने पणाला लावले ते आपल्या देशाचे स्पेनशी असलेले संबंध. बंदरातल्या कुणा तोफवाल्याने गोळा डागला असता, तर गाव जळाले असते, माणसे मेली असती, आणि युद्धाचा प्रश्न काँग्रेसपुढे येण्याआधीच निकाली निघाला असता. अमेरिकी राज्यघटनेने युद्ध जाहीर करण्याचा अधिकार काँग्रेसला दिला, तसाच परराष्ट्रावर सूडाच्या मर्यादित कारवाईचे परवाने देण्याचा अधिकारही काँग्रेसलाच दिला. घटनाकारांना ठाऊक होते की लढाया पुष्कळदा अशाच सुरू होतात: एक अपमान, एक मुदत, एक गोळा. रक्त सांडले नाही, म्हणून गुन्हा घडला नाही, हा युक्तिवाद मला म्हणूनच मान्य नाही. रक्त सांडायचे की नाही हे त्या सकाळी फाहार्दोच्या लोकांच्या हाती सोडले होते, आणि संयम त्यांनी दाखवला.

तिसरी पायरी: सरकारनेच मागितलेली परवानगी

माझ्या मते सर्वांत निर्णायक पुरावा खटल्याच्या बाहेर आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो. जानेवारी 1825 मध्ये राष्ट्राध्यक्ष मन्रो यांनी चाचेगिरीविषयी काँग्रेसला संदेश धाडला. त्यात तीन उपाय सुचवले होते: वस्तीच्या भागांतही गुन्हेगारांचा पाठलाग, तिथल्या रहिवाशांच्या मालमत्तेवर जप्ती, आणि बंदरांची नाकेबंदी. म्हणजे खुद्द राष्ट्राध्यक्ष अशा पावलांसाठी काँग्रेसपुढे जात होते. काँग्रेसने काय केले? कडक उपाय गाळले आणि मार्चमध्ये नव्या युद्धनौका बांधायला तेवढी मंजुरी दिली.

ही घटना नीट लक्षात घेतली तर पोर्टर अनुभवी, प्रश्न त्याच्या डोळ्यांसमोरचा आणि राजधानीतले लोक अडाणी, हा युक्तिवाद गळून पडतो. प्रश्न राजधानीत मांडला गेला, त्यावर चर्चा झाली आणि उत्तर मिळाले. ते उत्तर पोर्टरला रुचले नसते, पण ते देण्याचा हक्क ज्यांचा होता त्यांनीच ते दिले होते.

वर, सहकार्याची वाट निष्फळ होती असेही नाही. मार्च 1825 मध्ये, फाहार्दोनंतर चार महिन्यांच्या आत, त्याच पोर्तो रिको बेटाच्या किनाऱ्यावर रोबेर्तो कोफ्रेसी हा नामांकित चाचा पकडला गेला. 'ग्रॅम्पस' या अमेरिकी जहाजाच्या जॉन स्लोट याने स्थानिक स्पॅनिश अधिकाऱ्यांच्या सहकार्याने समुद्रावर त्याला गाठले आणि किनाऱ्यावर पळालेल्या कोफ्रेसीला तिथल्याच लोकांनी धरले. महिना संपण्याआधी सान हुआनमध्ये त्याला गोळ्या घातल्या गेल्या. आदेशात लिहिलेल्या मार्गाने चाचा हाती लागला. पोर्टरच्या हाती माफीचे चार शब्द लागले होते.

आक्षेप: मग जॅक्सनचे काय?

हा आक्षेप जड आहे, आणि पोर्टरने स्वतः तो बचावात वापरला. 1818 मध्ये जनरल अँड्र्यू जॅक्सन स्पेनच्या फ्लोरिडात घुसला, सेंट मार्क्स आणि पेन्साकोला ही ठाणी त्याने घेतली, दोन ब्रिटिश प्रजाजनांना मृत्युदंड दिला. पोर्टरने केले त्यापेक्षा हे कितीतरी भयंकर होते. मन्रोंच्या मंत्रिमंडळात बहुतेकांना त्याची कृती नाकारायची होती. परराष्ट्र सचिव जॉन क्विन्सी अॅडम्स मात्र त्याच्या पाठीशी ठाम उभे राहिले. काँग्रेसमध्ये निषेधाचा प्रयत्न 1819 च्या फेब्रुवारीत फसला, आणि त्याच महिन्यात स्पेनने फ्लोरिडा देऊन टाकणारा तह केला. 1825 च्या उन्हाळ्यात पोर्टरवर खटला चालला तेव्हा राष्ट्राध्यक्षपदावर हेच अॅडम्स होते. स्पेनला आपला मुलूख सांभाळता येत नाही, म्हणून आत शिरावे लागले, हा जॅक्सनसाठी अॅडम्सनी केलेला युक्तिवाद पोर्टरने जवळजवळ जसाच्या तसा त्यांच्यापुढे ठेवला.

यात ढोंग होते का? होते, आणि ते मी झाकणार नाही. 1818 मध्ये अॅडम्सना फ्लोरिडा हवा होता आणि जॅक्सनच्या घुसखोरीने तो मिळायला मदत झाली. 1825 मध्ये फ्लोरिडा पदरात पडला होता. आता क्यूबा आणि पोर्तो रिको दुबळ्या स्पेनकडेच राहावीत, बलाढ्य ब्रिटनच्या हाती जाऊ नयेत, हे वॉशिंग्टनचे धोरण होते. तत्त्व जागे झाले ते सोयीच्या वेळी.

तरीही या आक्षेपाने पोर्टर निर्दोष ठरत नाही. त्यातून एवढेच निघते की 1818 मध्ये एक खटला व्हायला हवा होता आणि तो झाला नाही. आधीचा सुटला म्हणून पुढच्यालाही सोडा, हा नियम मानला तर प्रत्येक माफ झालेला अतिरेक पुढच्याचा परवाना होतो. नुकु हिवावर गप्प बसलात, पेन्साकोलावर गप्प बसलात, मग फाहार्दोवरही गप्प बसा, आणि त्यानंतर? साखळी कुठेतरी तोडायची तर तोडणाऱ्याचे हात स्वच्छ नसणारच, कारण आजवर ती त्यानेच लांबवलेली असते. ज्याच्यावर ती तुटते त्याला अन्याय वाटतो, आणि ती भावना खरी असते. पण 'मलाच का?' हे गाऱ्हाणे सरकारविरुद्ध आहे. त्याने निकाल चुकीचा ठरत नाही.

आक्षेप: अंतर आणि वेळ

तारायंत्र नव्हते, पत्राला आठवडे लागत. मग समुद्रावरच्या माणसाने तिथल्या तिथे निर्णय घेऊ नये तर काय करावे? हल्ला होत असेल, माणसे ओलीस असतील, तर जरूर घ्यावा, आणि कुठलेही न्यायालय त्याला दोष देणार नाही. फाहार्दोत मात्र घाई कशाचीच नव्हती. प्लॅट केव्हाच सुटून आला होता. अपमान दोन आठवड्यांहून जुना होता. पोर्टर सान हुआनच्या राज्यपालाकडे तक्रार करू शकत होता, वॉशिंग्टनला लिहू शकत होता. अंतराचा मुद्दा माझ्या मते उलट बाजूने जातो: राजधानी जितकी दूर, तितकी चुकीची दुरुस्ती अवघड, आणि तितके आदेशाच्या चौकटीत राहणे अधिक गरजेचे.

आक्षेप: न्यायासनावर कोण बसले होते

कोर्ट मार्शलचे अध्यक्ष होते जेम्स बॅरन, पोर्टरचा मित्र डिकेटर याला मारणारे. इतकेच नव्हे, 1807 मध्ये ब्रिटिश 'लेपर्ड'समोर 'चेसापीक'ने शरणागती पत्करली, त्याबद्दल 1808 मध्ये बॅरनवर चाललेल्या खटल्यात निवाडा करणाऱ्यांत पोर्टरही होता. त्या वेळी बॅरनना पाच वर्षे बिनपगारी निलंबन झाले होते. अशा माणसाला पोर्टरच्या खटल्यात अध्यक्ष नेमणे गैर होते, आणि नौदल खात्याला ते कळायला हवे होते.

पण याने निकाल दूषित झाला का, हे शिक्षेवरून तपासता येते. दोन्ही आरोपांत दोषी ठरवून न्यायालयाने पोर्टरला फक्त सहा महिने निलंबित केले. देशाचा मान आणि हित जपण्याच्या तळमळीतून त्याने हे केले, अशी नोंदही निकालात आहे. सूड उगवणारा अध्यक्ष अशी शिक्षा देत नाही. दोष ठरवताना अधिकार पाहायचा आणि शिक्षा ठरवताना हेतू, ही या न्यायालयाची पद्धत मला अचूक वाटते. हेतूमुळे दोष पुसला असता तर देशभक्तीच्या नावाने काहीही चालले असते. हेतूकडे शिक्षेतही दुर्लक्ष केले असते तर न्याय आंधळा झाला असता.

खरा अन्याय: दुसरा आरोप

परत आल्यावर पोर्टर महिनोन्‌महिने खटल्याची वाट पाहत राहिला. साउदर्ड आणि अॅडम्स यांना त्याने तिखट पत्रे लिहिली. 1825 च्या मे महिन्यात चौकशी मंडळ बसले. त्याचा निर्णय जाहीर होण्याआधीच पोर्टरने कामकाज आणि पत्रव्यवहार छापून पुस्तिका काढली. यावरून शिस्तभंगाचा दुसरा आरोप आला.

इथे मी न्यायालयापासून वेगळा होतो. पत्रांचा सूर उर्मट होता, पुस्तिका अवेळी निघाली. समज देऊन ते मिटले असते. ज्याच्यावर राष्ट्राच्या वतीने बेकायदा बळ वापरल्याचा आळ आहे त्याने लोकांपुढे आपली बाजू मांडणे, आणि परक्या गावात 200 माणसे उतरवणे, हे गुन्हे एका तराजूत तोलायचे नव्हते. दोन्ही एकत्र ठेवल्यामुळे पहिल्या आरोपाचे गांभीर्य बुडाले. जनतेला असे दिसले की मंत्र्यांचा अहंकार दुखावला म्हणून खटला चालला, आणि ते दिसणे संपूर्ण खोटेही नव्हते. 'बळीच्या बकऱ्या'ची दंतकथा तिथे जन्मली. युद्धाचा अधिकार कुणाचा हा एकच प्रश्न घेऊन हा खटला चालला असता, तर तो प्रजासत्ताकाच्या इतिहासात ठळकपणे शिकवला गेला असता. सरकारने स्वतःच्या चिडीपायी ती संधी घालवली.

निकालानंतर

पोर्टरने 1826 मध्ये राजीनामा दिला आणि मेक्सिकोच्या नौदलाचे प्रमुखपद घेतले. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॅक्सननी त्याला अल्जियर्सला वाणिज्यदूत म्हणून आणि मग तुर्कस्तानात राजनैतिक प्रतिनिधी म्हणून पाठवले. 1843 मध्ये तो तिथेच वारला. खटल्याने तो संपला हे म्हणणे अतिशयोक्त आहे. सहा महिन्यांनंतर परतायची वाट मोकळी होती. तो परतला नाही.

संपला तो या निकालाने घालून दिलेला पायंडा. 1831 मध्ये सुमात्राच्या कुआला बाटू इथे 'फ्रेंडशिप' हे अमेरिकी व्यापारी जहाज लुटले गेले आणि त्याच्यावरचे तिघे मारले गेले. तिथे 'पोटोमॅक' घेऊन गेला जॉन डाऊन्स, जो एके काळी इसेक्सवर पोर्टरचाच लेफ्टनंट होता आणि नुकु हिवाच्या मोहिमेतही त्याच्या बरोबर होता. आधी चौकशी करा, भरपाई मागा, असे डाऊन्सला सांगितले होते. फेब्रुवारी 1832 मध्ये त्याने काहीही न विचारता पहाटे हल्ला चढवला, किल्ले घेतले, गावाला आग लावली. शंभराहून अधिक मलायी माणसे मेली. राष्ट्राध्यक्ष जॅक्सन होते. डाऊन्सवर कोर्ट मार्शल झाले नाही. सात वर्षांपूर्वी पोर्टरला लावलेले कलम त्याला शब्दशः लागू होत होते, आणि फाहार्दोत जे टळले होते ते सगळे कुआला बाटूत घडून गेले होते.